मामाजींनी पट्टीला तेल लावलं

वाशीमच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कपाशी तोलायच्या काट्यावर बाबू होतो, तिथे पावसाळ्यात काम नसायचं. कपाशी यायची दिवाळीनंतर. तोवर इंजिन थंड, पट्टे उतरवून ठेवलेले, आणि गाठी ठेवायच्या लांबलचक शेडमधून चिमण्या इकडून तिकडे उडत असायच्या. ह्या रिकाम्या शेडचं करायचं काय, म्हणून आमच्या मॅनेजर साहेबाने आपल्या मुलखातला एक खेळ तिथे आणून बसवला. तो त्याला बोलिंग म्हणायचा. आम्ही म्हणायचो 'गोळे'.

खेळ सांगायला सोपा. सागवानी फळ्यांची एक गुळगुळीत पट्टी. तीन बैलगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर मावतील एवढी लांब, दोन माणसं खांद्याला खांदा लावून चालतील एवढी रुंद, आणि दोन्ही अंगांना नाल्या. ह्या टोकाला खेळणारा, त्या टोकाला लाकडाच्या दहा बाहुल्या. बाहुल्या त्रिकोणात उभ्या. सर्वांत पुढे एकटी उभी असायची तिला आम्ही पाटलीण म्हणत असू. अंजनाच्या लाकडाचा जड गोळा सोडायचा आणि बाहुल्या लोळवायच्या. गोळा नालीत गेला तर तोंड पाडून परत यायचं.

आता खरी मेख. पट्टीला तेल लावावं लागायचं, नाहीतर गोळ्याने फळ्या खरवडल्या जात. पण ते तेल पोळीवर तूप सोडावं तसं सगळीकडे सोडायचं नाही. साहेबाची रीत अशी होती की आपल्या पायापासून निम्म्याच्या थोडं पुढपर्यंत तेल. त्यातही मधोमध जास्त, कडेला अगदी बोट फिरवल्याएवढं. पुढची सगळी पट्टी, बाहुल्यांपर्यंत, कोरडी ठणठणीत. तेलही ठरलेलं, एरंडीच्या तेलात घासलेट मिसळून पातळ केलेलं. ते कापडाने लावायचं आणि दुसऱ्या कापडाने पुसायचं, म्हणजे फळीला नुसती चकाकी राहिली पाहिजे.

ह्या तेलावर माझा सगळा डौल उभा होता. मी गोळा सरळ सोडत नसे. सोडताना बोटांनी त्याला पीळ द्यायचा आणि मुद्दाम उजव्या नालीच्या बाजूला काढायचा. बघणाऱ्याला वाटायचं, गेला. गोळा तेलावरून घसरत, स्वतःभोवती फिरत फिरत पुढे जायचा, आणि तेल संपून कोरडी फळी लागली की फळी त्याला पकडायची. मग तो पीळ जागा व्हायचा. गोळा डावीकडे वळून पाटलिणीच्या बगलेत घुसायचा आणि दहाच्या दहा आडव्या. मी तोवर बाहुल्यांकडे पाठ फिरवून मिशी पुसत उभा. आवाजावरून मला कळायचं किती पडल्या. लोक टाळ्या पिटायचे. मला नाटकात काम मिळालं नाही, ती हौस मी इथे भागवत होतो.

दसऱ्याच्या दिवशी अकोल्याच्या एका जिनाची मंडळी आमच्याशी सामना खेळायला येणार होती. गेल्या वर्षी त्यांच्या पट्टीवर आम्ही हरलो होतो. त्यांच्याकडे तेल लांबवर आणि कडेपर्यंत असायचं. माझा गोळा वळायचा, पण उशिरा, आणि पाटलीण हुकून मागच्या दोघी-तिघी पाडून जायचा. ह्या वेळी पट्टी आमची, तेल आमचं. आमचा म्होरक्या इंजिनवाला मिस्त्री म्हणायचा, "बाबू, आपल्या पट्टीवर तुले कोनी हरवत नाई." मलाही तसंच वाटायचं.

पण माझं मन सामन्यात कमी आणि केनवडच्या रस्त्याकडे जास्त होतं. माझी बायको अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी केनवडला गेली ती परत आली नव्हती. आली नव्हती म्हणजे तिच्या वडिलांनी पाठवली नव्हती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पक्के शेतकरी. घरचं जवस, घरची जवारी, स्वतःच्या हाताने वळलेले कासरे. बाजारात त्यांना कोणीतरी सांगितलं की तुमचा जावई जिनात चार महिने काही काम करत नाही, लाकडाच्या बाहुल्यांना गोळे मारत बसतो. झालं. माणसाने पोरगी दिली होती नोकरदाराला आणि निघाला हा गोळे खेळणारा.

पोळ्याला मी तिला आणायला गेलो. मामाजींनी मला पाटावर बसवलं, पुरणपोळी खाऊ घातली, आणि हात धुताना विचारलं (जावयाला ते बापू म्हणायचे), "बापू, थे बाहुल्यायचं काय हाये?" मी म्हटलं, दाखवतोच. मला दाखवायला सांगितलं की मी गप्प बसत नाही, हे माझं जुनं दुखणं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. मी जवारी मोजायच्या पायल्या उपड्या मांडल्या, देवघरातला नारळ घेतला, धोतर खोचलं आणि पीळ देऊन नारळ सोडला. नारळ गोल नसतो हे मला त्या दिवशी कळलं. तो थोडा गेला, एका अंगावर डुलला, वळला तो थेट गोठ्याकडे, आणि सजवून उभ्या केलेल्या बैलाच्या पायाशी थांबला. बैल बिथरला. त्याच्या शिंगांचे बेगडी कागद फाटले. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बायको दाराआड होती, तिचा फक्त पाय दिसत होता, तोही आत गेला.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी नारळ उचलला, पुसला, देवघरात नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "दसऱ्याले मीच येतो. पोरीले सोबत आनतो. तुमचं काम पाह्यतो. मनाले पटलं त तिले ठेवून जाईन, नाई त वापस आनीन." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी ते बैल बाजारात पाहायला जायचं असावं तशा साध्या आवाजात म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुपारीच त्यांची गाडी जिनाच्या फाटकात आली. मी तेव्हा काट्याच्या पूजेत अडकलो होतो. त्या दिवशी सगळं जिन पूजेत असतं. इंजिनाला झेंडूच्या माळा, काट्याला हळदकुंकू, मिस्त्रीच्या पान्यांना तेल, सुताराच्या करवतीला तेल. ज्याच्यावर आपलं पोट, ते हत्यार धुऊन पुसून तेल लावून मांडायचं आणि त्याला हात जोडायचे. मी लांबूनच मामाजींना पाया पडतो असा हात केला आणि मॅनेजर साहेबाबरोबर गोदामाकडे गेलो, कारण साहेबाला सगळ्या पूजा बघायची हौस होती आणि प्रत्येक ठिकाणी फुलं कशासाठी ते त्याला मला सांगावं लागायचं.

मधल्या वेळात काय झालं ते मला नंतर कळलं. मामाजींनी फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं की आमच्या जावयाचं हत्यार कोणतं? ते म्हणे पूजेला आले होते, रिकाम्या हाताने कसं बसायचं. चौकीदार बाहुल्या उभ्या करायचं कामही करायचा, त्यामुळे त्याच्या डोक्यात तेच. शिवाय त्याला थट्टेची सवय. त्याने शेडकडे बोट दाखवून सांगितलं, "काटा त जिनाचा हाये. बाबूचं हत्यार म्हंजे थे पट्टी."

मी शेडच्या दारात आलो तेव्हा मामाजी पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, बाहुल्यांपाशी, गुडघ्यांवर होते. डोक्याचं पागोटं काढून बाजूला ठेवलेलं, अंघोळ केलेली, केस ओले. हातात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा. बाजूला पत्र्याचा डबा, त्यात घरच्या घाण्याचं जवसाचं तेल. ते आमच्याकडे खायला म्हणून आणलेलं होतं. ते शेवटच्या फळीला तेल चोळत होते. आधी लांबीने, मग आडवं, जसं गाडीच्या आखाला चोळतात तसं. पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, नालीच्या काठापासून नालीच्या काठापर्यंत, दारातून आलेल्या उन्हात तळ्यासारखी लखलखत होती. गोळेसुद्धा तेल पिऊन काळेभोर झाले होते. पाटलिणीला हळदकुंकू, गळ्यात झेंडू.

सामना उद्यावर होता.

बायको खांबाशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात रिकामी झालेली ताटली. इतक्या महिन्यांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो. ती हळूच म्हणाली, "बानं सोताच्या हातानं लावलं. मले हात लावू देल्ला नाई."

तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. ज्या माणसाला माझं काम पोरखेळ वाटत होतं, तो सासरा असून जावयाच्या हत्यारापुढे गुडघ्यांवर बसला होता. केनवडात कोणी हे ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. मामाजी उठले, गुडघे झाडले, मला म्हणाले, "पा बरं बापू, कुठं कोरडं त नाई राह्यलं?"

मी पट्टी पाहिली. म्हटलं, "कुठंच नाई मामाजी." आणि त्यांच्या पाया पडलो.

दसऱ्याला सकाळी मिस्त्री सामन्याची तयारी पाहायला आला आणि पट्टीवर एक पाऊल टाकून जिथल्या तिथे बसला. बसला म्हणजे घसरून बसला. मग त्याने फळीला बोट लावलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, हे पट्टी व्हय का कढई?"

मी त्याला बाजूला ओढून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ह्यात काय, रुई पडलीच आहे, आत्ता पुसून काढू, दोन तास आहेत. तो रुई आणायला वळलासुद्धा. मी त्याचा हात धरला. मामाजी शेडमध्ये येऊन पहिल्या रांगेत, बारदानाच्या गठ्ठ्यावर बसले होते. अंगात नवा अंगरखा. येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टी दाखवत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची पूजा पुसायची?

मिस्त्री म्हणाला, "मंग हरू आपुन."

मी म्हटलं, "तेल दोघायलेही सारखंच. अकोल्याचेही पीळ देऊनच टाकतात. थेही घसरतीन."

हे मी अक्कल लावून बोललो होतो आणि निम्मं खरंही होतं. अकोल्याकडचे तरुण खेळाडू पहिल्या फेरीत माझ्यासारखेच फसले. त्यांचे गोळे वळायचे विसरले आणि नालीत गेले. पण त्यांच्यात एक म्हातारा मुकादम होता. त्याला पीळ वगैरे ठाऊकच नव्हता. तो पट्टीच्या मधोमध उभा राहायचा, गोळा दोन्ही हातांत धरायचा, वाकायचा आणि जात्यात धान्य घालावं तसा हलकेच पुढे ढकलायचा. सरळ. इतर पट्ट्यांवर अशा गोळ्याला बाहुल्या हसल्या असत्या. कोरड्या फळीवर तो दमून जायचा. आमच्या पट्टीवर त्या दिवशी त्याला अडवायला कोरडी जागाच नव्हती. जवसाच्या तेलावरून तो त्याच वेगाने त्या टोकाला पोचायचा आणि पाटलिणीच्या तोंडावर बसायचा. दर वेळी सात, दर वेळी आठ.

आणि मी. पहिला गोळा मी नेहमीसारखा उजवीकडे काढला, पाठ फिरवली आणि मिशीला हात लावला. आवाज आला तो नालीचा. मी मागे वळून पाहिलं. दहाच्या दहा उभ्या.  मला वाटतं, कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा गोळा मी नालीपासून जरा आत काढला. तोही तिथेच गेला. माझा पीळ गोळ्यात होता, मला दिसत होता, गोळा भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरत सरळ जात होता. त्याला पकडायला फळी नव्हती. मिस्त्री मागून पुटपुटत होता की सरळ टाक, पाटलिणीवर सरळ टाक. मला कळत होतं. पण हाताला सवय एकच, आणि पहिल्या रांगेत मामाजी, बाजूच्या बायकांच्या घोळक्यात माझी बायको. मामाजींना मी माझं काम दाखवणार होतो; मुकादमासारखं ढकलून दाखवायला ते केनवडहून आले नव्हते. मी आणखी पीळ दिला, आणखी जोर लावला.

गोळ्याला बोटं अडकवायची भोकं होती, त्यांतही तेल गेलेलं होतं. हात मागे नेला तेव्हाच गोळा सुटला. पुढे नाही, मागे. लोक पाय वर घेऊन बसले. गोळा गडगडत पहिल्या रांगेत गेला आणि मामाजींच्या पायाला लागून थांबला. पूजेतल्या वस्तूला आपला पाय लागला म्हणून मामाजी चटकन उठले, वाकले, गोळ्याला हात लावून कपाळाला लावला, आणि दोन्ही हातांनी उचलून मला आणून दिला. म्हणाले, "घ्या बापू. होते असं." त्यांच्या बोटांचा तेलकट स्पर्श मला आजही नको वाटतो.

सामना कधी हरलो ते मला कळलंही नाही. पण जिंकूनही अकोल्याचा म्होरक्या चिडलेला होता, कारण त्याचे चांगले खेळाडू पडले होते आणि जिंकवलं होतं एका म्हाताऱ्याने. तो पट्टीच्या पार शेवटापर्यंत कडेकडेने चालत गेला, फळी चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला की हे खेळाचं तेल नाही, फोडणीचं आहे. ह्यांनी स्वतःचे गडी सरळ टाकायला शिकवले असतील आणि आमचे घसरावेत म्हणून हे केलं असेल. आता ह्यांचेच घसरले ही देवाची करणी.

मॅनेजर साहेब उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. ही पट्टी त्याने स्वतः उभी केली होती आणि लबाडीचा आरोप त्याच्या घरात झाला होता. त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहत विचारलं, "तेल किसने लगाया?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चौकीदार बाहुल्यांमागे दिसेनासा झाला. मामाजी बसलेले होते, त्यांना हिंदुस्थानी नीट कळत नसे, ते हसऱ्या तोंडाने इकडे तिकडे बघत होते. मी पुढे झालो. मला तो क्षण नाटकातल्यासारखा वाटला, खोटं का सांगू? आता मी सगळा आळ अंगावर घेणार, मामाजींची लाज राखणार, आणि बायको घोळक्यातून ते पाहणार. मी छातीला हात लावला.

"साहेब, तेल मैंने लगाया."

"तेल" आणि "लगाया" हे दोन शब्द मामाजींना कळले. ते उभे राहिले.

"खोटं," मामाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेड लोखंडी पत्र्याची, सगळीकडे गेला. "तेल म्या लावलं. पुरा डबा. गुडघ्यावर बसून. अन् तुमी म्हनता तुमी लावलं?"

त्यांना वाटलं होतं, साहेब पूजा कोणी केली ते कौतुकाने विचारतोय आणि जावई त्यांची सेवा स्वतःच्या नावावर खपवतोय.

मी त्यांच्या जवळ गेलो, बाहीला धरलं, गप्प बसवायला पाहिलं. त्यांनी बाही सोडवून घेतली. ते साहेबाकडे वळून आपल्या वऱ्हाडीत सांगू लागले की तेल घरच्या जवसाचं आहे, घाण्यावर स्वतः उभं राहून काढलेलं, त्यात कशाचीही भेसळ नाही, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फळी सोडलेली नाही, आणि गोळ्यांनासुद्धा लावलं. आधी अकोल्याचे हसले. मग मागे उभे असलेले आमचे हमाल हसले. मग बारदानांवर बसलेले सगळे. मुकादम तेवढा हसला नाही, तो आपली चिलीम शोधत होता. साहेबाला कोणीतरी अर्थ सांगितला, आणि तोही तोंडावर रुमाल धरून खाली बसला. त्याचा राग गेला होता. आम्ही लबाड ठरलो नाही.

मामाजींना हसणं ऐकू येत होतं, कारण कळत नव्हतं. ते माझ्याकडे पाहून थोडंसं हसलेही, सगळे हसतायत म्हणून. मिस्त्रीने पुढे होऊन त्यांना हळू आवाजात समजावलं, की काकाजी, तेल निम्म्यापर्यंतच लावायचं असतं, पुढं कोरडं ठेवायचं असतं, नाहीतर गोळा वळत नाही. बाबू म्हणून हरला. हे तो फार आदराने सांगत होता. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग पट्टीकडे पाहिलं. मग दोन्ही तळहात अंगरख्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि शेडच्या बाहेर निघून गेले.

मी खोलीवर पोचलो तोवर त्यांनी बैल जुंपले होते. बायकोची ट्रंक माझ्या दाराशी उतरवून ठेवलेली होती. पाच महिने मी ह्याच ट्रंकेची वाट पाहिली होती. ती दाराशी आली की मी काय बोलेन, मामाजी काय बोलतील, तेही ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, मामाजी, सोनं लुटायची वेळ झाली, सीमोल्लंघन करून सकाळी जा. त्यांनी कासरा हातात घेतला.

"पोरीले ठेवून चाल्लो," ते बैलांना सांगितल्यासारखं म्हणाले. "तुमचं म्या नुसकान केलं. आता तिले कोन्त्या तोंडानं वापस नेऊ?"

गाडी फाटकातून गेली. बायकोने ट्रंक एकटीने आत ओढली. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, राहू द्या. मग आतून, भांडी लावता लावता, माझ्याकडे न पाहता बोलली.

"काल काहून नाई सांगतलं? बा तेल लावून राह्यला तवा? तुमी म्हनले असते का मामाजी, पुढचं पुसा, त बानं हासून पुसलं असतं. बा काय लेकरू हाये? तुमी पाया पडले. मले वाटलं, काय मान देल्ला माह्या बाले."

माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणणार होतो की त्यांचं मन मोडू नये म्हणून.  मन मोडू नये म्हणून मी काल गप्प बसलो, आज खोटं बोललो, आणि एवढ्या लोकांत त्यांचं जे झालं ते झालं. ती मात्र घरी आली होती. तिच्या बापाला लाज वाटली म्हणून ती माझ्या घरी आली होती.

मी आपट्याची फांदी घेतली आणि केनवडच्या रस्त्याने पळत सुटलो. सोनं लुटून परतणारे लोक समोरून येत होते, पाने देत होते, मी घेत नव्हतो. नाल्यापाशी मामाजी बैलांना पाणी पाजत होते. मी धापा टाकत पाने पुढे केली. त्यांनी घेतली, पागोट्यात खोचली, आणि रीतीप्रमाणे आपल्याकडचीही दोन पाने माझ्या हातावर ठेवली. मी पाया पडलो. मला एवढंच म्हणायचं होतं की काल मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "मामाजी, तेल मात्र लय चोख होतं, मुकादमही वाखानत होता."

थट्टा करून हलकं करावं, ही माझी नेहमीची वाट. मामाजींनी बैलाच्या तोंडाची गोचीड काढली, पाण्यात टाकली. "पोरीले खोकला हाये," ते म्हणाले. "थंड्या पान्यानं अंघोळ करू देऊ नोका." आणि गाडीवर चढले.

घरी आलो तेव्हा चूल पेटली होती. ती दारात आली. विचारलं, काय म्हणाला बा? मी सांगायला सुरुवात केली, की ते आता बरे आहेत, सोनं दिलं, घेतलं, तुझ्या खोकल्याची काळजी करत होते, तसे खूशच होते म्हण ना.

तिने माझ्या हातातली दोन पाने घेतली आणि विचारलं, "बानं तुमच्याकडं पाह्यलं का?"

 मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली, पाने देवापुढे ठेवली आणि भाकरी थापायला बसली. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो. शेडमध्ये मिस्त्री आणि चौकीदार रुईच्या बोळ्यांनी पट्टी पुसत होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं, आणि मला तिकडे जाववत नव्हतं.